पहिला घोट

छत्रीवाल्याच्या बायकोला सगळी गल्ली राणीसरकार म्हणत असे, आणि त्यात काही चेष्टा आहे असं तिला कधीच वाटलं नाही. चेष्टा करणाऱ्यांची यासारखी पंचाईत नाही. समोरचं माणूस चिडलं तर चेष्टेला धार राहते. ते चिडलंच नाही, तर दोन-चार वर्षांत त्या चेष्टेची पदवी होऊन बसते. समोरचा न्हावी सकाळी दुकानाच्या फळ्या काढता काढता विचारायचा, "काय राणीसरकार, भरला का दरबार?" आणि ती इस्त्रीतले कोळसे फुंकता फुंकता मान किंचित हलवायची. दरबार भरलेला आहे, पण तुमचा अर्ज आज निघायचा नाही, असा त्या मानेचा अर्थ असायचा.

दरबार म्हणजे जिन्याखालची जागा. एका जुनाट तीनमजली इमारतीच्या जिन्याखाली, जिथे उंच माणसाला एकाच बाजूला ताठ उभं राहता येतं, तिथे अर्ध्या भागात तिचं इस्त्रीचं टेबल आणि उरलेल्या अर्ध्यात नवऱ्याचं छत्रीदुरुस्तीचं दुकान. वरच्या मजल्यावर दोन खोल्या. मूलबाळ नाही. राणीला छत्र-चामरं लागतात म्हणे. चामरांची सोय नव्हती, पण छत्रांना तोटा नव्हता. जिन्याच्या पोटाला खिळे ठोकून वटवाघळांसारख्या छत्र्या टांगलेल्या असत, आणि त्यांतल्या कितीतरी अशा, की मालक दुरुस्तीला देऊन गेले ते परत फिरकलेच नाहीत. छत्रीवाला त्या विकत नसे. "येईल की न्यायला. माणूस आहे, कुठे अडकला असेल," असं म्हणायचा. काही मालक अडकून इतकी वर्षं झाली होती, की काळं कापड विटून तांबूस पडलं होतं. तरी पावसाळा तोंडावर आला की तो त्या सगळ्या उघडून झटकायचा, काड्यांना तेल द्यायचा आणि पुन्हा टांगायचा. "तुमचं हे अनाथालय एक दिवस माझ्या डोक्यावर पडणार," असं बायको म्हणायची. तिने म्हटलं तर चालण्यासारखं होतं. ती स्वतः अनाथालयातली.

त्या घरात दोघंही एकमेकांना 'अहो' म्हणत. नवऱ्याने बायकोला अहो म्हणायचं, हे गल्लीला नवीन होतं. नळावर राज्य करणारी शेजारची मावशी म्हणायची, या घरात कोण कुणाला हाक मारतंय हे कळायला माणसाला आत जाऊन बघावं लागतं.

बाकी थाट म्हणाल तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पण काही गोष्टी तिच्या ठरलेल्या होत्या. ती रांगेत उभी राहत नसे. रांगेच्या शेजारी, जरा अंतर राखून उभी राहायची. ही रांग आपल्याच हुकमाने लागली आहे आणि आपण तिची पाहणी करायला आलो आहोत अशा चेहऱ्याने. पुढे घुसायची नाही, कुणाचा नंबर मारायची नाही. सगळे आटोपले की सावकाश पुढे जायची, त्यामुळे तिच्या वाट्याला नेहमी उरलंसुरलं यायचं. दुसरं म्हणजे, जमिनीवर काही पडलं तर ती कमरेत वाकायची नाही. पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत खाली जायची, वस्तू उचलायची आणि विहिरीतून पोहरा यावा तशी सरळ वर यायची. दिवसभर इस्त्रीचं जडशीळ लोखंड फिरवणाऱ्या बाईच्या गुडघ्यांना हे परवडणारं नव्हतं, पण गुडघ्यांचं कोण ऐकतं.

आणि तिसरी गोष्ट घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. कशाचाही पहिला घोट ती घेत नसे.

छत्रीवाल्याला हे कळलं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. नवी बायको म्हणून चहा त्यानेच केला होता. ती कप समोर ठेवून बसली ती बसलीच. चहा बिघडला असणार, आणि बिचारी बोलत नसणार, असं वाटून त्याने तिचाच कप उचलून एक घोट घेतला. जीभ पोळली, पण चहा बरा होता. "चांगला झालाय की," असं तो म्हणाला, तशी तिने कप घेतला आणि तृप्त होऊन प्यायली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, आणि मग तिने आयुष्यात पहिल्यांदा ती गोष्ट कुणालातरी सांगितली.

ती तीन-चार वर्षांची असताना देशात उठाव झाला होता. राजवाड्याला आग लागली, राजा-राणी मारले गेले, सगळं घराणं एका दिवसात संपलं. फक्त सगळ्यांत धाकटी राजकन्या मेलेल्यांत सापडली नाही. त्याच दिवसांत ही मुलगी अनाथालयाच्या पायरीवर मिळाली होती. ती रडत होती, अन्नाला शिवत नव्हती. तेव्हा अनाथालयाच्या मोठ्या बाईंनी तिला मांडीवर घेऊन कानात सांगितलं, की तुझ्या आईने तुला टाकलेलं नाही. तुझी आई राणी होती. तिला मारलं, नाहीतर ती तुला न्यायला आलीच असती. आता हे कुणाला सांगायचं नाही, शेजारच्या मुलीलासुद्धा नाही, नाहीतर ते लोक शोधत येतील. आणि राजघराण्यातली माणसं पाठ वाकवत नाहीत, गर्दीत घुसत नाहीत आणि पहिला घोट घेत नाहीत. त्यात विष असू शकतं.

"मग तिथे पहिला घोट कोण घ्यायचं?" छत्रीवाल्याने विचारलं होतं.

"मोठ्या बाई स्वतः. रोज संध्याकाळी सगळ्या मुलींचे पेले ओळीने मांडायच्या आणि एका टोकापासून प्रत्येक पेल्यातला एकेक घोट घेत जायच्या." इथे तिचा चेहरा उजळला होता. "म्हणजे नुसता माझाच चाखला असता तर संशय आला असता ना. म्हणून सगळ्यांचे."

छत्रीवाल्याने यावर विश्वास ठेवला का? तर ठेवलाही नाही, आणि ठेवला नाही असंही नाही. त्याच्या धंद्यात माणसाच्या बोलण्यावर फार जायचं नसतं. "आत्ताच घेतलीय हो, एकदाच उघडली," असं म्हणून गिऱ्हाईक चार काड्या मोडलेली छत्री पुढे करतं. आपण फक्त कुठे काय मोडलंय ते बघायचं. त्याने बघितलं. त्याला काय दिसलं ते तो कधी बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या कपातला पहिला घोट तो घेऊ लागला. चाळीसेक वर्षं घेत राहिला. त्यात त्याच्या जिभेची चव जवळजवळ गेली. मीठ कमी आहे की जास्त हे त्याला कळेनासं झालं, आणि अशा नवऱ्याचा संसार सुखाचाच व्हायचा.

गल्लीला ही गोष्ट कळली नळावरच्या भांडणात. मावशीच्या तोंडाला हाड नव्हतं. भांड्याला भांडं लागल्यावर ती बोलता बोलता बोलून गेली, की ज्यांना जन्म देणाऱ्यांनी पायरीवर टाकून दिलं त्यांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये. छत्रीवाल्याची बायको भांडणारी नव्हे. तिने घागर खाली ठेवली. "मला कुणी टाकलेलं नाही," ती म्हणाली. "माझ्या आईला राजवाड्याच्या जिन्यात मारलं. ती जगली असती तर मला न्यायला आली असती." क्षणभर नळाचं पाणीसुद्धा थांबल्यासारखं झालं, आणि मग जे हसू फुटलं ते संध्याकाळपर्यंत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचलं. राणीसरकार हे नाव त्या दिवसाचं.

पण हसणाऱ्यांना एक गोष्ट कळली नव्हती, आणि ती छत्रीवाल्याला पुरती कळली होती. तिला राज्य नको होतं. हिरे-माणकं, राजवाडा, काही नको होतं. राजवाड्यात तर आता जमीनमोजणीचं कार्यालय होतं. एकदा कसल्याशा दाखल्यासाठी ती तिथे गेली, आणि परत येऊन नवऱ्याला एवढंच म्हणाली, "आमच्या घरात मला उद्या या म्हणून सांगितलं." दोघंही पोट धरून हसली होती. तिला हवं होतं ते एवढंच, की आपल्याला कुणी टाकलं नव्हतं. त्यासाठी आईला राणी व्हावं लागत असेल, तर ती राणी होती.

अशी सगळी वर्षं सुरळीत गेली असती. पण इस्त्रीचे कपडे रद्दीच्या कागदात गुंडाळून द्यायची पद्धत असते. एका दुपारी कुणा मास्तरांचे सदरे गुंडाळताना तिचा हात मध्येच थांबला. मग तिने तो चुरगळलेला कागद टेबलावर पसरला, त्यावर हलकं पाणी शिंपडलं आणि एखादा रेशमी सदरा असावा तशी त्यावर इस्त्री फिरवली. तसाच गरम कागद तिने नवऱ्यापुढे धरला.

बातमी अशी होती, की मारल्या गेलेल्या राजाची परदेशात राहिलेली बहीण, आता अगदी म्हातारी, राजवट बदलल्यामुळे मायदेशी आली होती. आपली सगळ्यांत धाकटी भाची जिवंत आहे असं तिला अजून वाटत होतं. ज्या कुणाला आपण ती आहोत असं सांगायचं असेल, तिने अमक्या दिवशी शहरातल्या मोठ्या हॉटेलात यावं. रद्दी जुनी होती, पण तो दिवस अजून पुढे होता.

"आत्या," ती म्हणाली. चाळीस वर्षांत तिने कुणाला या नात्याने हाक मारलेली त्याने ऐकली नव्हती.

छत्रीवाल्याने कागदाची घडी घालून तो तिला परत दिला. आत्या 'हो' म्हणाली तर बायको जाईल. राजकन्या कुठे जिन्याखाली राहते? आणि 'नाही' म्हणाली तर? तर ती इथेच राहील, पण मग जी राहील ती कोण असेल? त्या रात्री, दुसऱ्या रात्री, तो छताकडे बघत पडून राहिला. पहिली भीती त्याने आपल्या मनाला समजावून गप्प केली, कारण ती स्वतःसाठीची होती. दुसरी गप्प बसेना. शेवटी त्याने सुचवून पाहिलं, की प्रवास लांबचा आहे, तुमचे गुडघे दुखतात, नाही गेलं तरी काय बिघडतं? तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून खालच्या छत्र्या मोजायला गेला.

गल्लीने मात्र कमाल केली. इतकी वर्षं दात काढणारी हीच माणसं, पण राणी खरोखरच निघाली म्हटल्यावर सगळ्यांच्या अंगात लग्नघर संचारलं. न्हाव्याने सांगितलं, राज्य मिळालं की पहिला हुकूम माझ्या दुकानासमोरचा खड्डा बुजवायचा. वाण्याने धान्याचं कोठार आत्ताच मागून ठेवलं. मावशीने आपली ठेवणीतली शाल आणून दिली आणि म्हणाली, "परत आणलीच पाहिजे असं नाही. तिथेच राहिलात तर राहू दे." आणि मग तोंड फिरवून नळाकडे गेली.

हॉटेलातल्या त्या दालनात पाय ठेवला आणि छत्रीवाल्याला पहिली गोष्ट दिसली ती पाठींची रांग. भिंतीला लागून खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांवर डझनभर तरी बायका बसल्या होत्या. सगळ्या साठी ओलांडलेल्या. कुणी जाडजूड, कुणी काटकुळी, एकीच्या हातांना धुण्याच्या सोड्याचे चट्टे, एकीच्या बोटांना सुयांची भोकं. पण एकीचीही पाठ खुर्चीच्या पाठीला टेकलेली नव्हती.

त्याच्या बायकोने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. भामट्या बायकांशी नजरानजर करायची नाही असं तिने गाडीतच ठरवलं होतं. मोकळ्या खुर्चीवर ती पाठ ताठ ठेवून, नजर समोरच्या बंद दारावर लावून बसली. साथीला आलेला पुरुषमाणूस तिथे तो एकटाच होता. बाकी सगळ्या एकेकट्याच आल्या होत्या.

थोड्या वेळाने पलीकडच्या काटकुळ्या बाईचा रुमाल खाली पडला. ती उठली, पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत खाली गेली, रुमाल उचलून सरळ वर आली. छत्रीवाल्याने ते बघितलं. त्याने मनाला सांगितलं, असेल. कंबर दुखत असेल.

मग चहा आला. हॉटेलच्या माणसाने प्रत्येकीच्या शेजारच्या छोट्या टेबलावर कप ठेवला. वाफा निघत होत्या. बायका सकाळपासून तहानलेल्या होत्या. ओठ वाळलेले दिसत होते. आणि एकीनेही कप उचलला नाही. सगळ्या आपापल्या कपाशेजारी हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. चहावर साय धरायला लागली. हॉटेलचा माणूस गोंधळून म्हणाला, "घ्या ना. साखर वेगळी हवी का?" 

छत्रीवाला तिथे उभा होता आणि त्याला सगळं कळलं. अनाथालयाच्या पायरीवर त्या दिवसांत काही एकच मुलगी आली नव्हती. जळत्या शहरातून रोज येत असतील. प्रत्येक जणी रडत असेल, न जेवता झोपत असेल. आणि मोठ्या बाईंनी प्रत्येकीला मांडीवर घेऊन, कानाशी लागून, तेच सांगितलं असेल. कुणाला सांगायचं नाही हेही. मुली इतक्या गुणी, की जन्मभर एकीनेही दुसरीला सांगितलं नाही.

त्याने बायकोकडे पाहिलं. ती दाराकडेच बघत होती. तिला काहीच कळलं नव्हतं. कळता कामा नये, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. त्याने रोजच्यासारखा तिचा कप उचलला, एक घोट घेतला आणि परत ठेवला. ती प्यायली. झालं. एवढ्यावर तो थांबला असता तर ही गोष्ट कदाचित वेगळी संपली असती.

पण शेजारची सोड्याच्या चट्ट्यांची बाई हे बघत होती. तिने काही न बोलता आपला कप बोटाने त्याच्या बाजूला जरासा सरकवला. एवढासाच. तिच्या डोळ्यांत जे होतं ते बघून नाही म्हणायला माणूस दगडाचा पाहिजे, आणि छत्रीवाला तर बेवारशी छत्र्यांना तेल देणारा. त्याने तिच्या कपातला घोट घेतला. तिने दोन्ही हातांनी कप धरून घटाघटा चहा संपवला. मग तिच्या पलीकडच्या बाईने कप सरकवला. मग तिच्या पलीकडच्या. एका टोकापासून एकेक घोट घेत तो पुढे सरकत राहिला आणि त्याच्या मागे एकेक बाई पिऊ लागली.

अर्ध्या ओळीत पोचल्यावर त्याला काय होतंय ते समजलं. हातात कुणाचातरी कप होता. त्याने मागे वळून पाहिलं.

बायको आता दाराकडे बघत नव्हती. ती ओळीकडे बघत होती: मांडलेले कप, ताठ पाठी, एका टोकापासून घोट घेत निघालेलं माणूस. हे दृश्य तिने लहानपणी रोज संध्याकाळी पाहिलेलं होतं. तिची नजर एकेका चेहऱ्यावरून सावकाश फिरली, कुठे ओळखीचं काही सापडतंय का असं बघत, आणि काटकुळ्या बाईवर जरा जास्त वेळ थांबली. मग तिने आपला कप खाली ठेवला.

तेवढ्यात दार उघडून आत्याबाईंचा चिटणीस, एक नीटनेटका तरुण, बाहेर आला आणि आता कुणाची पाळी म्हणून त्याने तिच्याकडे पाहिलं.

"माझं काही नाही," ती उठत म्हणाली. "मी यांच्या सोबतीला आले होते."

यांच्या म्हणजे कुणाच्या, ते त्याने विचारलं नाही. तिने शाल नीट केली. जाताना छत्रीवाल्याच्या कोपराला हात लावून हळू आवाजात म्हणाली, "ओळ पुरी करून या. राहिल्यात त्या तहानलेल्या आहेत." आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

त्याने ओळ पुरी केली.

परतीच्या गाडीत बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, "बिचारी राणी. एकाच वयाच्या इतक्या मुली."

छत्रीवाल्याला हसू फुटलं, अगदी खदखदून, आणि हसता हसता त्याने वळून पाहिलं तर तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. तो घाबरला. आपण ती ओळ धरायला नको होती, आपलं चुकलं, असं काहीबाही बोलू लागला. ती म्हणाली, मग त्या तशाच बसल्या असत्या. मग तो म्हणाला, की असंही असेल, खरी राजकन्या एक असेल आणि तिला लपवायला बाकीच्यांना...

"असेल," ती म्हणाली. "सुई एक असते. बाकी गंजी गवताचीच."

 थोड्या वेळाने त्याने विचारलं, त्यांना सांगावंसं नाही वाटलं? तिने नाही म्हणून मान हलवली. "त्यांच्याबरोबर कुणी आलं नव्हतं हो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. छत्रीवाल्याने सवयीने तिच्या कपाकडे हात नेला, तोवर तिने तो उचलून तोंडाला लावलासुद्धा होता. तिने दचकून कप खाली ठेवला आणि ओठांवर हात धरला.

"इतका गरम असतो?"

"असतो."

"रोज?"

 ती त्याच्याकडे बघत राहिली. नंतर ती स्वतःच फुंकर घालून पिऊ लागली. त्याने हात मागे घेतला, आणि त्या हाताचं काय करायचं ते त्याला बराच वेळ कळेना.

गल्लीने पहिले काही दिवस विचारलं, मग विचारायचं सोडलं. कारण राणीसरकार रांगेत उभी राहू लागली होती. वाण्याच्या दुकानात, नळावर, दवाखान्यात. पुढच्या माणसाच्या मागे, पिशवी पोटाशी धरून, सगळ्यांसारखी. पहिल्यांदा तिला नळाच्या रांगेत बघितलं तेव्हा मावशीने घाईघाईने आपली घागर बाजूला घेतली आणि म्हणाली, "राणीसरकार, तुम्ही पुढे व्हा." ती म्हणाली, "नको. माझा नंबर आल्यावर भरते." मावशीने घागर अर्धीच भरली आणि घरी जाऊन दार लावून घेतलं. न्हावी अजून सकाळी फळ्या काढायचा, पण दरबाराचं विचारत नसे. खड्डा तसाच होता. माणसाला एखादी राणी असावी लागते, ती खरी असली पाहिजे असं नाही, हे गल्लीला राणी गेल्यावर कळलं.

पाठही वाकली. एक दिवस तिच्या हातून कोळशाचा चिमटा पडला आणि ती कमरेत वाकून तो उचलू लागली. छत्रीवाल्याने मान दुसरीकडे वळवली.

त्या थंडीत तिची छाती धरली. इतक्या वर्षांचा कोळशाचा धूर छातीत कुठेतरी बसलेलाच होता. त्या धुराने आता हातपाय पसरायला सुरुवात केली. इस्त्री बंद झाली. तिला वर एकटीला करमेना, म्हणून छत्रीवाल्याने इस्त्रीच्या टेबलाच्या जागी खाट टाकली. ती दिवसभर जिन्याखाली पडून वर टांगलेल्या छत्र्यांकडे बघत असायची. पुढचं बोलणं झालं ते तिच्या शेवटच्या आठवड्यात.

तो एका छत्रीचा खटका बसवत होता. ती म्हणाली, "मला पायरीवर ठेवताना तिने मागे वळून पाहिलं असेल का हो?"

त्याचे हात थांबले. आई किंवा राणी असं न म्हणता नुसतं 'तिने' असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती. तो खोटं बोलू शकला असता. पण खोटं जे बोलायचं ते मोठ्या बाईंनी आधीच बोलून ठेवलं होतं आणि इतक्या प्रेमाने, की त्याची सर याच्या खोट्याला येणार नव्हती.

"मला ते कसं कळणार?" तो म्हणाला.

 मग वरच्या एका विटलेल्या छत्रीकडे बघत म्हणाली, "हिचा मालक आता यायचा नाही."

"नाही यायचा बहुतेक."

"मग टाकूनच गेला ना हिला?"

छत्रीवाल्याने वर बघितलं. मग खटका गुडघ्यावर ठेवून तो म्हणाला, "टाकायचीच असती तर माझ्याकडे कशाला आणली असती? वाटेत उकिरडे काय कमी आहेत? तिथे टाकून मोकळा झाला असता. तो इतका चालत आला. मला म्हणाला, नीट बघा, हिची एक काडी गेलीय. पुढे त्याला येता आलं नसेल. पण टाकायची असती तर तो माझ्या दारात आला नसता."

   त्याने उठून स्टोव्ह पेटवला, चहा केला, कप आणून तिच्या उशाशी ठेवला आणि तिला बसतं करायला पाठीमागे हात घातला. ती हळूहळू उठली. पाठ होईल तितकी सरळ केली. कपाकडे बघितलं, आणि मग बोटाने तो त्याच्या बाजूला जरासा सरकवला.

त्याने तिच्याकडे बघितलं.

"राणी म्हणून नाही," ती म्हणाली. "तुम्ही घेता म्हणून."

त्याने घोट घेतला. जिभेला चव नव्हती, पण चटका अजून कळत होता.

"गरम आहे," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. "मग थांबते मी थोडी."